त्याच कामाची गोळी

प्रिय रेवा आणि नील,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला हसलात. डोकं दुखत होतं म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली गोळी घेतली, असं रेवाने सांगितलं आणि मी इकडून "नाव वाचलंस का?" असं इतक्या मोठ्यांदा विचारलं की नील म्हणाला, "आजी, तू शाळेतून रिटायर झालीस ना?" झाले. पण पाकिटातून सुटी काढलेली गोळी कुणाच्याही हातून घ्यायची नाही, हा माझ्या घरातला नियम शाळेतून आलेला नाही. तो आमच्या समोरच्या दारातून आला. त्या दारातली बाई तुम्ही पाहिली आहे. लहानपणी तुम्ही ठाकुर्लीला आलात की कानात कोमट तेल घालायला जी यायची आणि जिचा आवाज ऐकताच रेवा पलंगाखाली जायची, ती. कुंदावहिनी.

तुम्ही आता मोठे आहात, म्हणून सगळं क्रमाने आणि आडपडदा न ठेवता लिहिते.

कुंदावहिनी उंच होत्या आणि कायम उभ्या असत. दुसऱ्याच्या घरी त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. दाराच्या चौकटीला एक हात, दुसऱ्या हाताने पदर कमरेला, तोंडात लवंग. कपाळाला हात लावायचा तो नेहमी उलटा, मागच्या बाजूने. "आहे थोडा," म्हणायच्या आणि तापमापक मागायच्या नाहीत. आम्ही तो लावून पाहिला की ताप तेवढाच निघायचा.

त्यांची सारी नोकरी डोंबिवलीत एका फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. खिडकीच्या आत बसून त्या औषधाच्या पुड्या बांधत. तुम्हाला पुड्या माहीत नसतील. तेव्हा डॉक्टर कागदाच्या चौकोनी तुकड्यात सुट्या गोळ्या बांधून देत. त्यावर नाव नसे. लाल सकाळी, पांढरी रात्री, एवढंच सांगत. पेशंटला नाव विचारायची पद्धत नव्हती आणि खिडकीतल्या बाईलाही नाव सांगावं लागत नसे. त्यामुळे वहिनींच्या डोक्यात औषधं नावांनी नव्हतीच, कामांनी होती. ही तापाची, ही पोटाची, ही झोपेची. डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, तरी ती मांडणी त्यांच्या डोक्यात तशीच राहिली.

घरी त्यांच्याकडे एक जुना मिसळणाचा डबा होता, स्टीलचा, आत सात वाट्या. आपण मोहरी-हळद ठेवतो तसा. त्यांच्या वाट्यांत गोळ्या असत. पाकिटं जागा अडवतात म्हणून त्या सगळ्या गोळ्या सोलून ठेवत. कुणी दारात आलं की डबा उघडायचा, बोट फिरायचं, गोळी तळहातावर यायची. आणि वाक्य ठरलेलं, "मी आहे ना."

त्यांच्यावर सगळ्यांचा विश्वास का होता, तेही सांगायला हवं. तुमचे आजोबा एकदा बाजारातून येताना जिन्यात बसले. घाम, हात थरथरत होते, बोलणं जड झालेलं. मी रिक्षा, हॉस्पिटल म्हणून धावाधाव करत होते. वहिनी घरातून साखरेचं पाणी घेऊन आल्या, आजोबांची हनुवटी धरली आणि लहान मुलाला पाजतात तसं घोट घोट पाजलं. आजोबांना मधुमेह, साखर उतरली होती. थोड्या वेळाने आजोबा मलाच विचारू लागले की एवढी गर्दी कशाला जमवलीस. त्या दिवसापासून आमच्या घरी वहिनींचा शब्द खाली पडला नाही.

पण दुसरी बाजूही होती आणि ती आम्ही हसण्यावारी नेली. तळमजल्यावर गायकवाड राहतात, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या रक्तदाबाची गोळी मोठी होती, गिळताना त्रास व्हायचा. वहिनींनी अडकित्त्याने तिचे दोन तुकडे केले. ती गोळी पोटात हळूहळू विरघळावी म्हणून अखंडच घ्यायची होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. गायकवाड दुपारी उठले आणि मोरीच्या दारात कोसळले. दोन दिवस हॉस्पिटलात राहून परत आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, अडकित्त्याने सुपारी फोडा. मला माफ करा." सगळा जिना हसला. वहिनीही हसल्या. मग म्हणाल्या, "गोळी तीच होती ना? काम तेच करणार होती. यांचाच अंगातला जोर कमी." गायकवाडबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवसापासून डब्यातली गोळी घेणं बंद केलं.

श्रावण संपत आला की वहिनींच्या दारात बायकांची ये-जा वाढायची. गौरी-गणपतीत पाळी यायला नको, ही आपल्याकडची जुनी काळजी. पूर्वी बायका नुसतीच काळजी करत, आता पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात. छोटी, पांढरी, कुठल्याही दुकानात मिळणारी. डॉक्टरला विचारून घ्यायची असते, पण कोण विचारतं? त्या दिवसांत वहिनींच्या डब्यातली एक वाटी या गोळ्यांनी भरलेली असे. बाई दारात उभी राहिली की वहिनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत आणि कधी सुरू करायची, कधी थांबवायची ते सांगत. त्यांना कॅलेंडर लागत नसे. इमारतीतल्या प्रत्येक बाईची तारीख त्यांना तोंडपाठ होती. दुसऱ्या मजल्यावरची मुलगी एकदा म्हणाली, "आमच्या ह्यांना माहीत नाही एवढं वहिनींना माहीत." सगळ्या हसल्या. मला मात्र त्या फिरणाऱ्या अंगठ्याची तेव्हाच थोडी भीती वाटली होती. का, ते सांगता आलं नसतं.

आता प्राची. वहिनींचा एकुलता एक मुलगा निलेश, त्याची ही बायको. माहेर साताऱ्याकडचं, ठाण्यात विमा कंपनीत नोकरी, बोलणं कमी. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. यावरून वहिनींनी तिला कधी एका शब्दाने दुखवलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. एका लग्नात नात्यातल्या बाईने सगळ्यांसमोर विचारलं, "अजून काही नाही का?" प्राची ताटाकडे बघत राहिली. वहिनी म्हणाल्या, "आहे ना. तुला सांगायचं नाही, एवढंच आहे."

माजिवड्याजवळच्या एका दवाखान्यात प्राचीचे उपचार सुरू होते. प्रत्येक खेपेला वहिनी बरोबर जात. दोनदा प्रयत्न फसले. दोन्ही वेळा परत येताना वहिनींनी रिक्षात प्राचीचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं होतं, हे प्राचीनेच मला सांगितलं. तिसऱ्या वेळी, गणपतीच्या थोडं आधी, दिवस राहिले. ही बातमी त्या घराबाहेर फक्त मला ठाऊक होती; तीन महिने होईपर्यंत बोलायचं नाही, असं वहिनींचं सांगणं होतं.

औषधाचा भाग नीट वाचा, कारण सगळं त्यावरच आहे. प्राचीचा गर्भ बाहेर तयार करून, गोठवून ठेवून, मग गर्भाशयात सोडलेला होता. एरवी दिवस राहिले की गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक बाईच्या शरीरातच तयार होतं. प्राचीच्या उपचारांच्या पद्धतीत ते तयार होत नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं, नाळ स्वतः ते काम करू लागेपर्यंत. तिला मोत्यासारख्या मऊ कॅप्सूल दिल्या होत्या. त्या गिळायच्या नव्हत्या, योनिमार्गात ठेवायच्या होत्या. एकही चुकवायची नाही आणि न विचारता काही बदलायचं नाही, असं डॉक्टरांनी तिला आणि वहिनींना समोर बसवून सांगितलं होतं.

त्या कॅप्सूल विरघळल्या की त्यातलं तेल बाहेर येतं, कपड्याला डाग पडतो. दवाखान्यात हे आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यात काही बिघडत नाही. पण वहिनींच्या घरात गौरी येणार होत्या. लांज्याहून चुलतसासूबाई आल्या होत्या, सोवळ्याच्या कडक. आणि वहिनींनी नवस बोलला होता, की पोटुशी सून स्वतःच्या हातांनी गौर घरात आणील. इतकी वर्षं त्या स्वतः गौर आणत, दारापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं उमटवत. या वर्षी ती पावलं प्राचीची असणार होती. अंगावरून काही जात असताना गौरीला हात कसा लावायचा, हा प्रश्न त्यांनी मला विचारला नाही, प्राचीला विचारला नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यांनी डबा उघडला.

गौरीपूजनाच्या सकाळी मी हळदीकुंकवाला गेले. आदल्या संध्याकाळी उमटलेली पावलं दारापासून मखरापर्यंत अजून होती. लहान, पांढरी, एकामागून एक. प्राची हिरव्या साडीत होती आणि फार सुंदर दिसत होती. पाट हवा म्हणून ती माझ्या मागोमाग आमच्याकडे आली आणि स्वयंपाकघरात शिरल्यावर दार लोटून उभी राहिली.

"काकू, कॅप्सूलऐवजी गोळी चालते ना? पोटातून घ्यायची?"

"कुठली गोळी?"

"आईंनी दिलीय. गौरी जाईपर्यंत. परवापासून घेतेय."

मी तिला दवाखान्यात फोन लावायला सांगितलं. तिने लावला. सुट्टीच्या दिवशीही एक नर्स होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो गोळीच्या नावाचा. प्राचीने माझ्याकडे पाहिलं. नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, गोळी डब्यातली होती. फोन तसाच धरून ठेवायला सांगून मी समोर गेले. गायकवाडबाई ओटीचं ताट घेऊन दारातच उभ्या होत्या. वहिनी मोदकांना कळ्या पाडत होत्या. मी हळू आवाजात विचारलं.

"नाव कशाला, बाई?" त्यांनी वरही पाहिलं नाही. "अस्तर पडायला नको, हेच ना त्यांचं म्हणणं? पाळी थांबवायची. ही त्याच कामाची गोळी आहे. इतक्या जणींना देते मी."

मी म्हटलं, डॉक्टरांनी बदलू नका असं सांगितलं होतं.

"डॉक्टरांना डाग चालतो, त्यांच्या घरी गौरी नसतात. माझ्या घरी आहेत. कशासाठी आणल्या? तिच्या पोटासाठीच ना? तुम्ही काळजी करू नका. मी आहे ना."

तेव्हा गायकवाडबाई दारातून म्हणाल्या, "आमच्याकडे गौर नसते, मला काय कळणार. पण वहिनी, तुमच्या गौरीला डाग कळतो, तर पोर नाही का कळणार?"

वहिनींच्या हातातला मोदक फुटला. सारण पिठावर सांडलं.

पाळी पुढे ढकलायची गोळी, एवढंच मी नर्सला सांगितलं. तिने गोळी ताबडतोब बंद करून कॅप्सूल आत्ताच्या आत्ता सुरू करायला आणि दुसऱ्या दिवशी येऊन जायला सांगितलं. प्राचीने आमच्याच न्हाणीघरात कॅप्सूल ठेवली आणि बराच वेळ ती बाहेर आली नाही. समोर आरती सुरू झाली. चुलतसासूबाई "सून कुठे?" म्हणून विचारत होत्या. वहिनींनी निरांजन उचललं आणि स्वतःच आरती केली. माझ्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांच्या पायाखाली पिठाची दोन पावलं पुसली गेली होती.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसले. वहिनी परत येताच जिन्यातून मोठ्याने म्हणाल्या, "बघा बाई, झालं का काही?" त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पुरणपोळ्या पाठवल्या. मी त्या खाल्ल्या. मलाही वाटलं, निभावलं. पण प्राचीने मला पाहून हसायचा प्रयत्न केला तो मला आवडला नाही. तिचा एक हात सतत पोटावर होता, आत कुणी कडी लावली आहे का ते चाचपावं तसा.

पुढच्या सोनोग्राफीत ठोके नव्हते.

दवाखान्यात काय झालं ते निलेशने मला सांगितलं. प्राची आत पडून होती. वहिनी डॉक्टरांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "माझ्या गोळीने गेलं का?"

डॉक्टरबाई खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, ती गोळी प्रोजेस्टेरॉनच्याच घराण्यातली असली तरी कृत्रिम, कामाने वेगळी, आणि गरोदर बाईला ती देत नाहीत. त्या दिवसांत गर्भाला हवा तो आधार मिळाला नाही, हे खरं. पण या महिन्यांत गर्भ पडतो तो पुष्कळदा गर्भातच दोष असतो म्हणून, औषध चोख घेऊनही पडतो. मग म्हणाल्या, "यामुळेच गेलं, असंही सांगता येणार नाही. यामुळे गेलं नाही, असंही नाही."

आयुष्यभर वहिनींनी प्रत्येक गोष्ट कुठल्या ना कुठल्या वाटीत ठेवली होती. हे उत्तर ठेवायला त्यांच्याकडे वाटी नव्हती. निलेश म्हणाला, आई परत परत तेच विचारत राहिली, "म्हणजे कुठलं समजू मी?"

घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं मला कधीकधी वाटतं. प्राची पूर्वीसारखीच "आई" म्हणे, चहा देई, पण वहिनींच्या हातून काही घेत नसे, पाण्याचा पेलासुद्धा. आधी टेबलावर ठेवू द्यायची, मग उचलायची. काही महिन्यांनी निलेशने माजिवड्याला भाड्याने जागा घेतली. दवाखाना जवळ पडतो, हे कारण सांगितलं. सामान जाताना वहिनी चौकटीला हात लावून उभ्या होत्या. नंतर त्यांनीही घर भाड्याने दिलं आणि टिटवाळ्याला भावाच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांच्या दारात कुणी गोळी मागायला येत नव्हतं. कुणी तसं ठरवलं नव्हतं. आपोआप झालं.

या वर्षी गौरींना मी टिटवाळ्याला गेले. नवी उंच इमारत, अजून लिफ्टच्या भिंतीला प्लास्टिक लावलेलं. वहिनींनी गौर बसवली होती, एकटीनेच. दारापासून आत पावलं काढलेली होती, पण ती हाताच्या मुठीने उठवलेली, लहान मुलाच्या पायांएवढी. वहिनी वाळल्या होत्या. चहा-पोहे करताना त्यांनी मिसळणाचा डबा उघडला आणि मी पाहायला उठलेच. आत मोहरी होती. जिरं, हळद, तिखट. सातही वाट्यांत मसाला.

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात वरच्या मजल्यावरची एक मुलगी दारात आली. नवीन लग्न झालेलं, हातात हिरवा चुडा. घरी सत्यनारायण ठरला होता आणि तिची अडचण नेमकी तेव्हाच येणार होती. वहिनी दवाखान्यात कामाला होत्या हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. वहिनींचा अंगठा बोटाच्या पेरावर गेला. मी पाहत होते. मग त्यांनी ती मूठ मिटली.

"मी नाही देत, बाळा. डॉक्टरला विचार. आणि नाव वाचून घे."

मुलगी हिरमुसून गेली. चहाही उभ्यानेच घेतलेल्या वहिनी आता खुर्चीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं पाहिलं, ते असं.

"प्राची कशी आहे?" त्यांनी विचारलं.

बरी आहे, म्हटलं. ती खरंच बरी होती. पण मला आणखीही काही ठाऊक होतं. प्राचीला पुन्हा दिवस गेले आहेत, औषधं सुरू आहेत, आणि तिने मला हात धरून सांगितलं होतं की टिटवाळ्याला कळता कामा नये. मी बशीतला चहा संपवला. वर पाहिलं तर वहिनी माझ्या तोंडाकडेच बघत होत्या, पूर्वी तापाच्या माणसाकडे बघत तशा.

"दिवस आहेत ना तिला?"

मी रिकामी बशी पुन्हा कपाखाली ठेवली.

"नका सांगू," त्या म्हणाल्या. "खरंच नका सांगू, बाई. मला कळलं तर माझ्याने गप्प बसवणार नाही. मी काहीतरी द्यायला जाईन." असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि पदर वरून दाबून धरला, वाऱ्याने काही उडू नये म्हणून धरावा तसा.

मी निघाले. त्या सोडायला खालपर्यंत आल्या नाहीत. रस्त्यावरून मी मागे वळून पाहिलं. पहिल्या मजल्यावरच्या ग्रीलमागे त्या उभ्या होत्या. नजर माझ्याकडे नव्हती, लांब कुठेतरी होती. एक हात ग्रीलच्या गजावर होता. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. एका पेरावर थांबायचा, मागे यायचा, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा.